नवऱ्याने गळा दाबला, पण मानेवर वळ नाही: अशा वेळी पोलीस ठाण्यात काय करावे?

तालुक्याच्या ठाण्यात नव्याने रुजू झालेल्या एका उपनिरीक्षकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. रात्री उशिरा एक विवाहिता शेजारणीला सोबत घेऊन ठाण्यात आली आणि नवऱ्याने गळा दाबल्याचे सांगू लागली. मानेवर वळ दिसत नव्हता, ती स्वतः चालत आली होती, बोलत होती, आणि ‘त्यांना फक्त समज द्या, केस नको’ असे म्हणत होती. ठाणे अंमलदारांनी अदखलपात्र नोंद (एनसी, जिच्यावर न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत) घेतली, तिची प्रत हातात दिली आणि तिला घरी पाठवले. उपनिरीक्षकांना ते खटकले आहे. जखम नाही, तक्रारदार स्वतःच गुन्हा नको म्हणते, मग पोलिसाने आणखी काय करायला हवे होते, आणि वरिष्ठांना ते कसे पटवून द्यायचे, असे त्यांनी विचारले आहे.

मी महाराष्ट्र पोलीस दलातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. सेवेचा बराचसा काळ महिला कक्षात आणि तालुक्याच्या ठाण्यांमध्ये गेला आणि आता मी नव्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात हाच विषय शिकवते. तुम्हाला जे खटकले ते योग्यच खटकले, हे आधी सांगते. एनसी घ्यावी की एफआयआर, असा हा प्रश्न वरवर दिसतो. खरी अडचण त्याच्या आधीच सुरू होते. घरातल्या मारहाणीचे गांभीर्य आपण जखमेवरून ठरवतो. डोके फुटले, हात मोडला तर प्रकरण मोठे, आणि अंगावर काही दिसत नसेल तर नवरा-बायकोचे भांडण. गळा दाबण्याच्या बाबतीत हा हिशेब पूर्णपणे चुकतो, कारण इथे जीव जाण्याइतका धोका होऊन गेलेला असतानाही मानेवर काहीच उमटलेले नसू शकते.

याचे कारण शरीररचनेत आहे. न्यायवैद्यकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत दिलेल्या आकड्यांनुसार मानेतल्या, मेंदूकडून रक्त परत आणणाऱ्या नीला बंद व्हायला सुमारे २ किलो, मेंदूला रक्त नेणाऱ्या रोहिण्या बंद व्हायला सुमारे ४ ते ५ किलो आणि श्वासनलिका बंद व्हायला सुमारे १५ किलो दाब लागतो. म्हणजे श्वास पूर्ण कोंडण्याच्या कितीतरी आधी मेंदूचा रक्तपुरवठा थांबू शकतो. दोन्ही बाजूंच्या रोहिण्या दाबल्या गेल्या तर माणूस दहा सेकंदांच्या आसपास शुद्ध हरपतो, आणि दाब तसाच राहिला तर काही मिनिटांत मृत्यू येतो. ‘ती ओरडत होती, मग गळा दाबला कसा?’ हा प्रश्न मी ठाण्यात आणि न्यायालयात वारंवार ऐकला आहे, त्याचे उत्तर याच आकड्यांत आहे. ती ओरडत असतानाही तिच्या मेंदूकडे जाणारे रक्त अडलेले असू शकते. पंजाने किंवा कोपराच्या बेचक्यात धरून दिलेला दाब मऊ आणि पसरलेला असल्यामुळे वरच्या कातडीवर खूण राहीलच असे नाही. अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरात पोलिसांकडे आलेल्या अशा ३०० प्रकरणांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या स्त्रियांच्या मानेवर काहीही दिसत नव्हते आणि आणखी ३५ टक्के स्त्रियांच्या खुणा इतक्या फिकट होत्या की छायाचित्रात आल्या नसत्या.

दुसरी गोष्ट पुढच्या धोक्याची. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्याच एका अभ्यासात असे आढळले की ज्या स्त्रीचा गळा जोडीदाराने आधी एकदा दाबलेला आहे, तिचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सात पटींहून अधिक असते. अभ्यास परदेशातला असला तरी मी हाताळलेल्या प्रकरणांतून मला वेगळे काही दिसले नाही. थप्पड मारणारा आणि गळ्याला हात घालणारा यांच्यात मोठे अंतर आहे, कारण दुसऱ्याने ‘तुझा जीव माझ्या हातात आहे’ हे तिला करून दाखवलेले असते. म्हणून ‘गळा’ हा शब्द ऐकताच ठाण्यात कामाची पद्धत बदलली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे येते. सगळ्यात आधी तिला वेगळ्या खोलीत बसवावे. नवरा, सासू, सासरे किंवा समजूत घालायला आलेली नातेवाईक मंडळी त्या खोलीत नसावीत. शेजारीण तिला हवी असेल तर थांबू द्यावी, पण शेजारणीचा जबाब वेगळा घ्यायचा आहे हे लक्षात ठेवून घटनेविषयी बोलताना तिलाही बाहेर बसवलेले बरे. महिला अंमलदार असेल तर तिने बोलावे. नसेल तर बोलवून घ्यावे, मात्र तोपर्यंत पाणी देणे आणि श्वास व आवाजाकडे लक्ष ठेवणे थांबू नये. पाणी देताना ती गिळते कशी, हे नीट पाहा. घोट घेताना मान आखडली, चेहऱ्यावर कळ आली, पाणी परत आले, तर ती तुमच्या डोळ्यांसमोर घडलेली महत्त्वाची खूण आहे आणि ती लिहून ठेवायची आहे.

बहुतेक स्त्रिया आपणहून ‘गळा धरला आणि ढकलले’ एवढ्या एका वाक्यावर थांबतात. पुढचे सगळे आपल्याला हळूहळू विचारावे लागते. एका हाताने की दोन्ही हातांनी, समोरून की मागून, कोपराने, गुडघ्याने, की ओढणी, पदर, दोरी, चार्जरची वायर अशा कशाने? तेव्हा ती उभी होती की खाली पाडलेली होती, तो छातीवर बसला होता का, डोके भिंतीला टेकलेले होते का? दाबताना तो काय म्हणत होता, त्याचा चेहरा कसा दिसत होता? किती वेळा दाबले, मध्ये सोडून पुन्हा धरले का? तो थांबला कशामुळे, स्वतःहून की मूल रडले, कोणी दार वाजवले, ती निपचित पडली म्हणून? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तपासात फार मोलाचे ठरते, कारण बाहेरून कोणी आले म्हणून थांबलेला माणूस आणि स्वतः हात काढून घेतलेला माणूस यांच्या हेतूत फरक करता येतो.

त्यानंतर शरीराविषयी विचारावे. डोळ्यांपुढे अंधारी आली का, कानांत आवाज घुमले का, मधले काही आठवत नाही असे झाले का, आता आवाज बदलल्यासारखा वाटतो का, गिळताना दुखते का, उलटी झाली का, डोके ठणकते का, ती गरोदर आहे का? एक प्रश्न विचारायला आपल्याला संकोच वाटतो, पण तो विचारलाच पाहिजे: कपड्यांत लघवी किंवा शौच झाली होती का? शुद्ध हरपल्याची ती फार बोलकी खूण असते आणि लाजेपोटी कोणतीही बाई ती स्वतःहून सांगत नाही. महिला अंमलदाराने दार लावून, ‘अशा वेळी शरीराचा ताबा सुटतो, त्यात तुमचा काही दोष नाही’ एवढे सांगून विचारले की बहुतेक जणी मान हलवतात. मग ते कपडे घरी बादलीत भिजत पडायच्या आत पंचांसमक्ष जप्त करता येतात.

तिच्या सांगण्यात मधेच खंड पडेल, क्रम उलटसुलट होईल, वेळ सांगता येणार नाही. मेंदूला रक्त कमी पडल्यावर आठवणीत अशा फटी राहतातच, त्यावरून ती खोटे बोलते असा निष्कर्ष काढू नये. जे आठवत नाही ते ‘आठवत नाही’ असेच जबाबात लिहावे. आपण आपल्या सोयीसाठी जोडून लिहिलेली वाक्ये पुढे उलटतपासणीत तिच्याच अंगावर येतात. म्हणूनच ‘पतीने शिवीगाळ करून हाताबुक्क्यांनी मारहाण केली व गळा दाबला’ हे आपले ठाण्यातले ठरलेले वाक्य या गुन्ह्यात फार नुकसान करते. तिचे शब्द, तिच्या बोलीत, जसेच्या तसे आले पाहिजेत.

जबाब लांबला तरी दवाखाना लांबता कामा नये. श्वास घ्यायला त्रास, आवाज बसलेला, गिळता न येणे, शुद्ध हरपल्याचे सांगणे, गरोदरपण, यांपैकी काहीही असेल तर आधी १०८ ची रुग्णवाहिका आणि मग कागद. काहीच नसेल तरीही त्याच रात्री तपासणी व्हायला हवी. मानेच्या आतली सूज काही तासांनी वाढू शकते, आणि रोहिणीच्या आतल्या आवरणाला चीर पडली असेल तर पक्षाघाताचा झटका काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही येऊ शकतो. ती ठाण्यातून चालत गेली म्हणून धोका टळला असे कोणालाच म्हणता येत नाही, आणि हे तिला व सोबत आलेल्या माणसाला स्पष्ट शब्दांत सांगणे ही आपलीच जबाबदारी आहे. पुढच्या काही दिवसांत तीव्र डोकेदुखी, एका बाजूला अशक्तपणा, तोंड वाकडे होणे, बोलताना अडखळणे, दिसायला अंधुक होणे किंवा पोटात दुखून रक्तस्राव झाला तर तत्काळ रुग्णालयात जायचे, असे शक्यतो कागदावर लिहून द्यावे.

वैद्यकीय यादी, म्हणजे तपासणीसाठी पोलिसांनी रुग्णालयाला द्यायचे पत्र, कशी लिहिता यावर रुग्णालयात काय तपासले जाईल हे बरेचसे ठरते. ‘मारहाणीत जखमी, उपचार होऊन दाखला मिळावा’ असे लिहून पाठवले, तर रात्रपाळीचे डॉक्टर बाहेरून जखम पाहतात आणि ‘साधी दुखापत’ लिहून मोकळे होतात. त्याऐवजी मी अशी यादी लिहायला सांगते: ‘सदर महिलेस पतीने समोरून दोन्ही हातांनी गळा दाबल्याचे व डोळ्यांपुढे अंधारी येऊन काही वेळ शुद्ध हरपल्याचे ती सांगते. आवाज घोगरा आहे, पाणी गिळताना त्रास होतो. मान, कानांमागील भाग, डोळ्यांचा पांढरा भाग व पापण्यांची आतील बाजू, तोंडाची आतील बाजू व टाळू यांची तपासणी करून सूक्ष्म रक्तस्राव असल्यास नोंद घ्यावी. मानेतील रक्तवाहिन्यांच्या तपासणीची आवश्यकता आहे काय, तसेच सदर कृत्याने जीवितास धोका निर्माण झाला होता काय, याबाबत अभिप्राय द्यावा.’ डोळ्यांत आणि कानांमागे टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात, ते शोधल्याशिवाय सापडत नाहीत. रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन सगळ्या ग्रामीण रुग्णालयांत होत नाही. अशा वेळी जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात पाठवायचे की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण यादीत विचारले असेल तरच तो विचार होतो.

पुराव्यांपैकी दोन गोष्टी हमखास सुटतात. पहिली म्हणजे आवाज. तिने किंवा शेजाऱ्यांनी ११२ ला फोन केला असेल तर त्या कॉलचे ध्वनिमुद्रण जतन करण्यासाठी लगेच पत्र द्यावे, आणि त्या रात्री ती बोलत असतानाचे मुद्रण व आवाज पूर्ववत झाल्यावरचे मुद्रण अशी दोन्ही ठेवावीत. न्यायाधीशांना फरक कानांनी ऐकता येतो. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र सोबत हवे, हे विसरू नये. दुसरी गोष्ट म्हणजे मंगळसूत्र. गळा दाबताना ते तुटते, मणी खोलीभर विखुरतात, किंवा पोत कातडीत रुतून बारीक तुटक रेघ उमटते. सकाळी घर झाडले की मणी गेले, म्हणून घटनास्थळाचा पंचनामा दुसऱ्या दिवसावर टाकू नये. छायाचित्रे त्या रात्री आणि पुढचे दोन-तीन दिवस रोज काढावीत, कारण काळेनिळेपणा कधी कधी उशिरा वर येतो. मानेवर ओरखडे असतील तर ते तिच्याच नखांचे असू शकतात, कारण हात सोडवण्यासाठी माणूस स्वतःच्याच गळ्याशी झटतो. नवऱ्याच्या मनगटावर, दंडावर, चेहऱ्यावर बोचकारे किंवा चावा असेल तर ‘दोघांनी एकमेकांना मारले’ असे ठरवण्याआधी कोणती जखम स्वतःला वाचवताना होते याचा विचार करावा, आणि त्याची वैद्यकीय तपासणी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१ खाली करून घ्यावी.

आता कलमांचा प्रश्न. इथे परिस्थितीनुसार उत्तर बदलते, हे आधीच मान्य करते. गळ्याला हात लागला म्हणजे प्रत्येक वेळी खुनाचा प्रयत्न होत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम १०९, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचे जुने ३०७, लावायचे तर हेतू किंवा जाणीव दाखवणाऱ्या गोष्टी हव्यात: किती वेळ आणि किती जोराने दाबले, ओढणी किंवा वायर वापरली का, तोंडाने काय म्हटले, शुद्ध हरपली का, आधी असे घडले आहे का, थांबला कशामुळे. मात्र जखम नाही म्हणून हे कलम लागतच नाही, ही समजूत चुकीची आहे. महाराष्ट्र शासन विरुद्ध बलराम बामा पाटील या १९८३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कलम ३०७ बाबत स्पष्ट केले आहे की मृत्यू घडवू शकेल अशी जखम झालेलीच असली पाहिजे असे नाही. कृत्य आणि त्यामागचा हेतू पाहायचा. डॉक्टरांचा ‘साधी दुखापत’ हा शेरा हेतूचा निर्णय करत नाही. शिवाय जीविताला धोका निर्माण करणारी दुखापत ही कलम ११६ नुसार गंभीर दुखापत ठरते, म्हणूनच वर सांगितलेला अभिप्राय यादीत मागायचा.

कलम १०९ पुरेसे उभे राहत नसेल तरी बहुतेक प्रकरणांत एनसीवर थांबण्याचे कारण नसते. कलम ८५, म्हणजे जुने ४९८-अ, हुंड्याची मागणी असल्याशिवाय लागत नाही असा समज अजूनही अनेक ठाण्यांत आहे. कलम ८६ मधली क्रूरतेची पहिली व्याख्या वाचा: स्त्रीच्या जीविताला, अवयवाला किंवा आरोग्याला गंभीर इजा वा धोका होईल असे हेतुपुरस्सर वर्तन. तिथे हुंड्याचा उल्लेखच नाही. पीडितेने स्वतः माहिती दिली की हा गुन्हा दखलपात्र आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (३) खाली चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करायची असे कोणी सुचवले तर लक्षात ठेवा की ती तरतूद तीन वर्षे किंवा अधिक पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांपुरती आहे, तिला उपअधीक्षकांची पूर्वपरवानगी लागते, आणि कलम १०९ ला ती लागूच होत नाही. गळा दाबणारा लग्नाचा नवरा नसून सोबत राहणारा जोडीदार किंवा तिचा भाऊ असेल तर कलम ८५ बसत नाही. तेव्हा दुखापतीची किंवा खुनाच्या प्रयत्नाची कलमे आणि कौटुंबिक हिंसाचार कायदा यांचाच आधार घ्यावा लागतो.

‘केस नको, समज द्या’ हे ती का म्हणते, हे समजून घेणे माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा सर्वांत अवघड भाग आहे. तिला परत त्याच घरात जायचे असते, मुले तिथे झोपलेली असतात, माहेरी जागा नसते, आणि गुन्हा दाखल झाल्यावर तो जामिनावर येऊन काय करेल हे तिला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. तिचा नकार तिच्या सुरक्षिततेच्या हिशेबातून आलेला असतो, त्यामुळे त्या हिशेबाला उत्तर दिल्याशिवाय ‘सही करा’ म्हणण्यात अर्थ नाही. आज रात्री ती कुठे झोपणार, मुलांना कोण आणणार, उद्या तो दारात आला तर काय, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी तयार करावीत. जिल्ह्याचे सखी वन स्टॉप सेंटर, १८१ ही महिला हेल्पलाइन, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी, आणि शहरांत असाल तर पोलीस ठाण्यांच्या आवारातला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष, जो टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत १९८४ साली सुरू केला, किंवा पोलिसांचा महिला मदत कक्ष म्हणजे भरोसा सेल, यांच्याशी त्याच रात्री बोलावे. मुंबईत महापालिका रुग्णालयांत हिंसाचारग्रस्त स्त्रियांसाठी ‘दिलासा’ केंद्रे आहेत. पहिले वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सेहत या संस्थेच्या मदतीने सुरू झाले. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ५ नुसार संरक्षण आदेश, संरक्षण अधिकारी, मोफत कायदेशीर मदत आणि फौजदारी तक्रारीचा हक्क यांची माहिती तिला देणे हे पोलिसाचे कर्तव्यच आहे. कलम २३ खाली न्यायदंडाधिकारी एकतर्फी अंतरिम आदेश देऊ शकतात आणि तो मोडला तर कलम ३१ व ३२ खाली दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा होतो, हे तिला सोप्या भाषेत सांगितले की अनेकदा तिचा विचार तिथे बदलतो.

तरीही ती नको म्हणाली तर? दखलपात्र गुन्ह्याची माहिती ठाण्यापर्यंत आली असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या ललिता कुमारी प्रकरणातल्या २०१३ च्या निकालानंतर नोंद करायची की नाही हे आपल्या मर्जीवर नाही, तिच्यावरही ते टाकू नये. ‘तुम्ही केली नाही, पोलिसांना करावीच लागली’ हे वाक्य काही स्त्रियांना घरात आणि नातेवाइकांत मोठा आधार देते, असे मी पाहिले आहे. मात्र नोंद करून तिला त्याच रात्री एकटीला त्याच घरी सोडणे हे नोंद न करण्यापेक्षाही धोक्याचे ठरू शकते. म्हणून दोन्ही गोष्टी एकत्रच व्हायला हव्यात. आणि दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवण्याचा आपल्या ठाण्यांतला जो प्रघात आहे, तो या प्रकरणांत अजिबात नको. ज्याने तिचा श्वास कोंडला त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसून कोणतीही बाई मोकळेपणाने ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू शकत नाही.

अटकेबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या अर्नेश कुमार निकालाचे कारण पुढे केले जाते. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत त्या निकालाने अटकेची कारणे नोंदवायला सांगितली आहेत, अटकेला मनाई केलेली नाही. पीडितेवर दबाव येण्याची किंवा पुन्हा हल्ल्याची शक्यता असेल तर ती कारणे तपशिलाने लिहावीत. नोटीस देऊन सोडायचे असेल किंवा तो जामिनावर सुटणार असेल, तर तो घरी पोहोचायच्या आत तिला फोन गेला पाहिजे. हा फोन कोण करणार त्या अंमलदाराचे नाव ठरवून ठेवावे.

वरिष्ठांना कसे पटवायचे, याचे माझे उत्तर साधे आहे: तोंडी वाद घालू नका, लिहून ठेवा. स्टेशन डायरीत तिचे शब्द, पाणी गिळताना जे दिसले ते, आवाजाची स्थिती, दिलेली यादी आणि त्यावर रुग्णालयाची वेळ, संरक्षण अधिकाऱ्यांना केलेला फोन, तिला दिलेली माहिती, आणि कलम १०९ किंवा ८५ लागू होते असे तुम्हाला का वाटते ते दोन ओळींत नोंदवा. एवढे कागदावर आल्यानंतर एनसी घेऊन पाठवा असे सांगणाऱ्या अधिकाऱ्यालाही आपले कारण लिहावे लागते, आणि मग निर्णय बहुधा बदलतो. तुमच्या त्या विवाहितेच्या बाबतीत अजूनही उशीर झालेला नाही. बीट अंमलदाराला गणवेशात दारात पाठवू नका. महिला अंमलदाराकडून शेजारणीमार्फत निरोप द्या, तिला रुग्णालयात भेटा, तिथेच तपासणी करून घ्या आणि पुरवणी जबाब नोंदवा. अदखलपात्र नोंद झालेली असली तरी नवी माहिती पुढे आल्यावर दखलपात्र गुन्हा दाखल करण्यास ती आड येत नाही.